मुलगा सिनेमे उतरवतो, घर बसून बघतं, आणि काळजी आईला

सिंहगड रोडवरच्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

घरात सासू-सासरे, नवरा-बायको, नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. मुलगा टेलिग्रामवरून सिनेमे आणि गाणी उतरवतो, पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावतो आणि सगळं घर बघतं. सासूबाईंना नाट्यपदं आणि अभंग, नवऱ्याला गाडीत लावायला जुनी गाणी (ताम्हिणीतून कोकणात उतरताना नेटवर्क जातं म्हणून), धाकटीला कार्टून, सगळ्यांची सोय तोच करतो. मध्ये सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या की हा गुन्हा आहे, तीन वर्षं जेल होते. नवरा म्हणतो आपण कुठे विकतोय. सासूबाई म्हणतात देवाची गाणी ऐकण्यात कसला आलाय गुन्हा. मुलगा म्हणतो वर्गात सगळेच करतात, आणि पाच-पाच ॲपचे पैसे तुम्ही भरणार आहात का. ताई विचारतात, मी माझ्याच हाताने मुलाला चोरी शिकवली का, आणि एकदाच पैसे भरून सगळं कायदेशीर डाउनलोड करता येईल अशी एखादी साइट आहे का. शेवटी अजून दोन गोष्टी आहेत. गणपतीत सोसायटीत पडद्यावर सिनेमा दाखवायचं ठरतंय आणि तो आणायचं काम मुलाकडेच आलंय, आणि धाकटीच्या गॅदरिंगच्या नाचाचं गाणंही त्यानेच आणायचंय.

ताई, आधी त्या तीन वर्षांच्या जेलचं बघू, कारण ती भीती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही.

त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून कॉपीराइट मोडणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड असं स्पष्ट लिहिलंय. त्याच कलमात पुढे असंही आहे की हे सगळं धंद्यासाठी, कमाईसाठी केलेलं नसेल तर कोर्ट तशी कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचं "आपण कुठे विकतोय" हे इथे थोडंफार उपयोगी पडतं, पण त्याने शिक्षा कमी होते, केलेली गोष्ट बरोबर होत नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यातही बदल झाला, थिएटरात कॅमेरा लावून सिनेमा रेकॉर्ड करणाऱ्याला आणि तो पसरवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीच्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. यातून सरकारचा रोख कुणावर आहे ते कळतं. घरात बसून सिनेमा बघणाऱ्या आजींच्या दारात पोलिस येतील असं मला वाटत नाही, तेवढ्यापुरती झोप उडवून घेऊ नका.

पण मुलाला एक गोष्ट नक्की विचारा, तो नुसतं उतरवतो की पुढेही पाठवतो? वर्गातल्या ग्रुपवर फाइल टाकतो का, स्वतःचं चॅनल काढलंय का, टोरंट वापरतो का? टोरंटमध्ये तुम्ही उतरवत असतानाच तुमच्या कॉम्प्युटरवरून त्याच सिनेमाचे तुकडे दुसऱ्यांना जात असतात, त्यामुळे "मी फक्त बघतो" हे तिथे खरं राहत नाही. बघणं आणि वाटणं यात फरक आहे आणि नववीतल्या मुलाला तो फरक समजावला तर समजतो.

आणि मला तुमच्या घरासाठी जेलपेक्षा जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. टेलिग्रामच्या या ग्रुपवर सिनेमासोबत एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप टाकणाऱ्या फाइल फिरतात, "हे ॲप टाका, सगळं ओटीटी फुकट". ते ॲप प्ले स्टोअरवरचं नसतं, टाकताना फोनची एक सेटिंग बदलायला लावतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात त्याच फोनवर ते बसतं. आज रात्रीच घरातल्या सगळ्यांचे फोन बघा, प्ले स्टोअर सोडून दुसरीकडून आलेलं काही असेल तर काढून टाका, आणि पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा, इथे उशीर महागात पडतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मी मुलाला चोरी शिकवली का?

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि मला त्यात दिसलेला मुलगा असा आहे की ज्याला आजीचा अभंग माहितीय, बाबांची गाणी माहितीयत, बहिणीचं कार्टून माहितीय आणि तो सगळ्यांसाठी धावपळ करतो. हे काम त्याला कुणी दिलं? घरानेच दिलं. फक्त ते कसं करायचं हे कुणी सांगितलं नाही आणि त्यासाठी एक रुपयाही दिला नाही, मग त्याला जो रस्ता दिसला त्याने तो गेला. त्यामुळे आज अचानक त्याला समोर बसवून "तू चोर आहेस" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, कारण पेनड्राइव्ह त्याने लावला पण सोफ्यावर सहाही जण बसले होते. बोलायचं तर सगळ्यांनी एकत्र बोला, मिस्टरांना आणि सासूबाईंनाही त्यात घ्या. आणि पाच ॲपचे पैसे कोण देणार हा त्याचा प्रश्न मला उद्धट वाटत नाही, तो बरोबर प्रश्न आहे, त्याला खरं उत्तर द्यायला हवं.

मात्र "सगळेच करतात" हे सोडू नका. त्याला सांगा की गाणं म्हणजे फक्त कंपनीचे पैसे नसतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं गीतकार-संगीतकारांकडून एकदाच सही घेऊन सगळे हक्क काढून घेतले जायचे, गाणं गाजायचं आणि लिहिणाऱ्याला नंतर काही मिळायचं नाही. २०१२ मध्ये कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते, आणि तेव्हापासून सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला वाटा लिहिणाऱ्याकडून आणि चाल लावणाऱ्याकडून कुणी लिहून घेऊ शकत नाही. ॲपवर गाणं वाजलं की त्यातला थोडा का होईना भाग इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थांमार्फत त्या माणसापर्यंत जायची वाट असते. टेलिग्रामच्या फाइलला अशी कुठलीच वाट नाही. मराठी सिनेमाचं तर अजून वाईट, थिएटरात शो मिळायची मारामार, आणि पहिल्याच आठवड्यात तो ग्रुपवर आलेला असतो. हे मुलांना आकडेमोडीपेक्षा लवकर कळतं, विशेषतः त्यांच्या ओळखीचं कुणी एकांकिका किंवा शॉर्टफिल्म करत असेल तर, आणि पुण्यात असं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतंच.

आता ती "एकदाच पैसे भरून सगळं" वाली साइट. अशी साइट नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर तिथेच सावध व्हा. पैसे घेतले म्हणजे कायदेशीर असं नसतं, पैसे घेऊन पेनड्राइव्ह भरून देणारी दुकानं आपण सगळ्यांनी बघितलीयत, त्या पैशातला एक रुपयाही सिनेमावाल्याकडे जात नाही. आणि फुकट म्हणजे बेकायदेशीर असंही नाही, त्यावर पुढे येतेच.

मुळात डाउनलोड दोन प्रकारचं असतं हे घरात सगळ्यांना सांगा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल. ॲपमधलं डाउनलोड हे वाचनालयातून आणलेल्या पुस्तकासारखं आहे, घरी आहे, वाचता येतं, पण मेंबरशिप संपली की परत जातं. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब प्रीमियम, स्पॉटिफाय, सगळ्यांचं असंच, फाइल त्या ॲपच्या आत राहते, पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, आणि मधूनमधून नेटला जोडावं लागतं, स्पॉटिफायला तर ३० दिवसांतून एकदा तरी. दुसरं डाउनलोड म्हणजे खरीखुरी फाइल, जी कायमची तुमची. ती कायदेशीर मिळायच्या जागा कमी आहेत पण आहेत. बँडकॅम्पवर स्वतंत्र गाणारे-वाजवणारे आपली गाणी थेट विकतात, एमपीथ्री मिळते, कुठलंही कुलूप नसतं. आणि तुमच्या घरात जुन्या सीडी असतीलच, माळ्यावर बघा. विकत घेतलेली सीडी कॉम्प्युटरवर घेऊन घरच्यांनीच ऐकणं हे कायद्यातल्या खासगी वापराच्या सवलतीत धरता येतं असं मी मानते, फक्त ती फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की तो खासगी वापर राहिला नाही.

मग करायचं काय? कुठलं ॲप घ्यायचं हे आधी ठरवू नका, आधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाला नक्की काय हवंय ते लिहा. बहुतेक घरांना हवं असतं थोडंच आणि भीती असते की सगळंच घ्यावं लागेल.

सासूबाईंपासून सुरू करा, कारण त्यांचं सगळ्यात सोपं आहे आणि मला ते सांगायला सगळ्यात आवडेल. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा आणि सिनेमाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, मग तो सगळ्यांचा. म्हणजे १९६४ पर्यंत आलेल्या तबकड्या आणि सिनेमे त्या हिशोबाने मोकळे झालेत. लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा मोजतात, तो माणूस गेल्यानंतर ६० वर्षं. आता सासूबाईंची नाट्यपदं घ्या. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, चाली लावणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये. त्यामुळे खाडिलकरांचे शब्द, बखल्यांची चाल आणि बालगंधर्वांच्या आवाजातली जुनी तबकडी असेल तर शब्द, चाल, रेकॉर्डिंग तिन्ही मोकळं, ती फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर टाकली, मैत्रिणीला दिली, काही हरकत नाही. तुकोबांच्या अभंगाचे शब्द तर कुणाचेच नाहीत, पण आजच्या गायकाने नवीन चालीत रेकॉर्ड केलेला अभंग हा त्या गायकाचा, संगीतकाराचा, कंपनीचा असतो, सासूबाईंच्या "देवाची गाणी" मधला हा भाग त्यांना प्रेमाने समजावून सांगा. आणि गीतरामायण, जे आपल्याच आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झालं, तिथे तेव्हाच्या रेकॉर्डिंगला ६० वर्षं होऊन गेली तरी लिहिणारे गदिमा १९७७ मध्ये गेले म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत, आणि चाली लावणारे बाबूजी (सुधीर फडके) २००२ मध्ये गेले म्हणजे चाली २०६२ संपेपर्यंत हक्काच्या आहेत. "जुनं आहे म्हणजे फुकट" असं सरसकट नसतं ते यासाठी सांगतेय.

जुनं शोधायला इंटरनेट अर्काइव्ह चांगलं आहे, पण तिथे कोणीही काहीही चढवतं, कालपरवाचा सिनेमाही सापडेल, त्यामुळे तिथे आहे म्हणून मोकळं आहे असं धरू नका, साल बघा. प्रभातचा १९३६ चा संत तुकाराम बघायचा असेल तर बिनधास्त बघा, तो कधीच मोकळा झालाय. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्या त्याच जागेत आज एफटीआयआय आहे, लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे आणि तिथे अधूनमधून जुने सिनेमे दाखवतात, सासू-सासऱ्यांना एकदा नातवानेच घेऊन जावं.

हे सगळं नको असेल तर सासूबाईंच्या फोनवर न्यूज ऑन एअर हे आकाशवाणीचं ॲप टाका, फुकट आहे, सरकारी आहे, केंद्रं लाइव्ह लागतात. प्रसार भारतीने २०२४ मध्ये वेव्ज नावाचं ओटीटी काढलंय, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. आणि फोनच नको असेल तर सारेगामाचं कारवां, मराठी गाणी भरलेलंही मिळतं, बटण दाबलं की वाजतं, नेट लागत नाही. एकदाच पैसे भरून कायमचं मिळेल अशी तुम्ही मागितलेली गोष्ट आहे तर ही, फक्त गाणी त्यांनी निवडलेली असतात.

मिस्टरांचं गाडीतलं. त्यांना पेनड्राइव्हची सवय आहे, पण फोन ब्लूटूथवर जोडला की ॲपमध्ये उतरवलेली गाणी ताम्हिणीतही वाजतात. यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्ये एकाच घरात राहणारे अजून पाच जण घेता येतात, म्हणजे तुम्ही सहा जण बरोब्बर बसता, धाकटीचं खातं मात्र तुम्हालाच पालक म्हणून काढून द्यावं लागेल, आणि त्यातच गाण्याचं ॲपही येतं. ॲपल म्युझिकचाही सहा जणांचा आहे. घेताना एवढंच तपासा की त्या प्लॅनमध्ये डाउनलोड आहे का, कारण सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये कधी कधी ते नसतं. आणि यूट्यूबची लिंक टाकून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइट वापरू नका, ते यूट्यूबच्या नियमात बसत नाही आणि त्या साइटवरच्या जाहिराती दुसरीतल्या मुलीसमोर उघडाव्यात अशा नसतात.

मुलांच्या सिनेमांसाठी आधी तुमचा मोबाइल रिचार्ज आणि घरच्या वायफायचा प्लॅन उघडून नीट वाचा. कित्येक घरांत जिओहॉटस्टार, झी५ किंवा दुसरं काहीतरी त्यात आधीच आलेलं असतं आणि कुणाला पत्ताच नसतो, पैसे भरताय पण वापरत नाही. मराठी सिनेमे झी५ वर बरेच आहेत. उरलेलं महिन्यामहिन्याने घ्या, वर्षभराचं नको, परीक्षेच्या महिन्यात एकही नको, दिवाळीच्या सुट्टीत एक, मे महिन्यात दुसरं, महिना संपला की बंद. आणि एखादाच सिनेमा हवा असेल तर भाड्याने घ्या, प्राइम व्हिडिओवर मेंबरशिप नसली तरी भाड्याने मिळतो, साधारणपणे सुरू करायला ३० दिवस असतात आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा, शनिवार-रविवारी सगळ्यांनी बसून बघायला पुरतो. नेटफ्लिक्स घेणार असाल तर सगळ्यात स्वस्त मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि २०२३ पासून आपला पासवर्ड नागपूरच्या मावशीला देता येत नाही, ते एका घरापुरतंच आहे. प्रवासाला लॅपटॉपवर उतरवून नेऊ म्हणाल तर त्यांच्या विंडोज ॲपमधून डाउनलोड काढून टाकलंय, फोन किंवा टॅबवरच करा. धाकटीला मुलांचं प्रोफाइल काढून द्या आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, टेलिग्रामवर हे शक्यच नव्हतं.

आणि हे सगळं बघायचं काम मुलाकडेच ठेवा. दर महिन्याला एक ठरावीक रक्कम त्याच्या हिशोबाला द्या, परवडेल तेवढीच, दोनशे असो नाहीतर पाचशे. या महिन्यात कोणतं ॲप, कोणाचा सिनेमा, कधी बंद करायचं हे त्याने ठरवायचं आणि वहीत लिहायचं, पैसे भरताना तुम्ही शेजारी बसायचं. ऑटो पे बंद करायला तो तुमच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवेल. जुनी फाइल पुसायची का हे त्याच्यावर एका दिवसात लादू नका, पण नवीन उतरवायचं नाही आणि कुणाला पाठवायचं नाही हे मात्र आजपासून, त्यात सूट नाही.

आता गणपतीचा सिनेमा. गाणी वाजवण्यात अडचण नाही, खऱ्या धार्मिक कार्यक्रमात गाणी-रेकॉर्डिंग वाजवायला कायद्यातच सवलत आहे, लग्नाच्या वरातीलाही आहे. पण ती सवलत सिनेमाला नाही. तुमच्या घरचं ओटीटी प्रोजेक्टरला जोडून अख्ख्या सोसायटीला दाखवणंही चालत नाही, ते खातं घरगुती वापरासाठी दिलेलं असतं. मंडळाला दोन रस्ते आहेत, सिनेमाच्या निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे लेखी परवानगी मागायची, पुण्यात राहून मराठी निर्मात्यापर्यंत पोचणं फार अवघड नाही आणि लहान सिनेमावाले कधी कधी खुशीने देतात, नाहीतर सरळ साठ वर्षं झालेला सिनेमा लावायचा. कार्यकर्त्यांशी हे बोलायला मुलाला एकटं पाठवू नका, मोठ्यांपैकी कुणीतरी जा. चौदा वर्षांच्या मुलावर सोसायटीने ही जबाबदारी टाकणंच मला पटलेलं नाही आणि ते तुम्ही मीटिंगमध्ये म्हणू शकता.

गॅदरिंगची काळजी सोडा. शाळेच्या कार्यक्रमात समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसंच असतील तर गाणं वाजवायला, त्यावर नाचायला कायद्याची परवानगी आहे. तोच नाच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला की ती वेगळी गोष्ट होते, व्हिडिओवर हक्क सांगितला जाऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो, त्यामुळे व्हिडिओ चढवायचाच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोकळं संगीत घ्या. शाळेत लावायला ॲपमध्ये उतरवलेलं गाणं पुरेल, फक्त आदल्या दिवशी फोन एरोप्लेन मोडवर टाकून ते वाजतंय का बघा, आणि शाळेच्या स्पीकरला ब्लूटूथ आहे की वायर लागेल ते बाईंना विचारून ठेवा.